तासगावचा उन्हाळा: कोणते ढग बघून शेडचे पडदे सोडायचे?

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. मार्च ते मे आपल्याकडे हवा कशी राहते, हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाज गावापुरता कसा वाचायचा, आणि रोज दिसणाऱ्या ढगांपैकी कोणते ढग बघून बेदाण्याच्या शेडचे पडदे सोडायचे? मी हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीत आभाळाचे किती अष्टमांश झाकलेत आणि कशानं झाकलेत हे लिहिणं हे माझं रोजचं काम होतं. म्हणून ढगांवरच जास्त लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उन्हाळा म्हटला की आपण पारा किती चढला ते बघतो. पण तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात नुकसान पाऱ्यानं होत नाही, हवेतल्या ओलाव्यानं होतं. बेदाण्याला ऊन हवंच असतं. एप्रिलमध्ये दुपारी अडतीस-चाळीस अंश आणि हवा कोरडी असेल तर रॅकवरचा माल बारा-पंधरा दिवसांत वाळून निघतो. त्याच अडतीस अंशांत हवा दमट झाली की वाळण रेंगाळते, मालाचा रंग उतरतो आणि दुपारनंतर वळीव गाठतो. पारा दोन्ही दिवशी सारखाच असतो. फरक ओलाव्याचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसतो ढगांमधून.

आता अंदाजाबद्दल. भारतीय हवामानशास्त्र विभाग फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या तीन महिन्यांचा आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जून या काळाचा अंदाज देतो. त्यात कमाल आणि किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता कुठं किती, उष्णतेच्या लाटेचे दिवस कुठं वाढतील, हे असतं. देशाच्या नकाशावर रंग भरलेले असतात. त्या नकाशावरून तासगावात 12 एप्रिलला पाऊस येईल का, हे कुणी काढायला जाऊ नये, तो नकाशा त्यासाठी केलेलाच नाही. त्यातून एवढंच घ्यायचं की यंदा पाणी आणि मजुरांच्या कामाच्या वेळा यांचं नियोजन किती कडक करायचं. एप्रिलच्या मध्याला येणारा अंदाज जून ते सप्टेंबरच्या पावसाचा असतो. एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची, चर्चा मुख्यतः त्याच्याशी निगडित आहे. त्यावरून एप्रिलच्या वळवाचा हिशेब मांडू नका.

उष्णतेच्या लाटेचं गणितही माहीत असावं. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश असलं पाहिजे आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी तरी जास्त असलं पाहिजे, तेव्हा लाट म्हणतात. सरासरी कितीही असो, 45 अंश गाठले तरी लाट. आपल्याकडे 41 अंशांचा दिवस त्रासाचा असतो, पण तो बहुतेक वेळा लाटेत बसत नाही. विदर्भातल्या चंद्रपूर-अकोल्याची गोष्ट वेगळी.

तुमच्या खरोखर उपयोगाचा आहे तो पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज, आणि त्यातही 'तुरळक ठिकाणी' हे दोन शब्द. लोक ते वाचून सोडून देतात. तुरळक ठिकाणी म्हणजे जिल्ह्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, त्यापुढं बऱ्याच ठिकाणी आणि बहुतांश ठिकाणी. उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यासाठी बहुतेक वेळा 'तुरळक'च येतं, कारण वळवाचा स्वभावच तसा आहे: तालुक्यातल्याच सावळजला झोडपतो आणि मणेराजुरीत धूळ उडते. म्हणजे अंदाज असा वाचायचा: आज जिल्ह्यात वळवाला हवा पोषक आहे, माझ्यावर येईल का ते मला दुपारी आभाळ बघून ठरवायचं आहे. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. नारिंगी असेल त्या दिवशी ताजी द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे वाळवणीच्या द्रावणात बुडवून, रॅकवर टाकू नका, दोन दिवस थांबा.

ओलावा येतो कुठून, हे कळलं की निम्मं काम झालं. तासगाव सह्याद्रीच्या माथ्यापासून सरळ रेषेत साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर पूर्वेला आहे, समुद्र त्याच्याही पलीकडं. मार्च-एप्रिलमध्ये वायव्येचा कोरडा वारा असला की आभाळ निरभ्र किंवा धुळीनं पांढरट राहतं. पण मधूनमधून विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक ते तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. त्याच्या एका बाजूला बंगालच्या उपसागराकडचा दमट वारा असतो आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्राकडचा. टीव्हीवर "द्रोणीय स्थिती" म्हणतात ती हीच. हा पट्टा सोलापूर-सांगलीच्या जवळून गेला की आपल्याकडे वळवाचे दिवस सुरू होतात. दुपारी उशिरा घाट ओलांडून येणारा पश्चिमेचा वारा आणि पूर्वेकडचा वारा समोरासमोर आले की मधली हवा वर ढकलली जाते. म्हणूनच आपला वळीव बहुधा तीन ते सातच्या दरम्यान येतो, सकाळी नाही.

ओलावा वाढल्याचं पहिलं लक्षण घरातच दिसतं. माठातलं पाणी कालच्याइतकं गार लागत नाही, कारण माठाबाहेर झिरपलेलं पाणी दमट हवेत सावकाश उडतं. शेडवर ओल्या-कोरड्या बल्बचा साधा तापमापक टांगला तर हेच आकड्यांत कळेल. दोन बल्बांमधला फरक रोज दुपारी दोन वाजता लिहून ठेवा. कोरड्या दिवशी फरक मोठा असतो, आणि तो दोन-तीन दिवस सलग घटत गेला तर समजा हवा फिरली.

आता ढग. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज माणसानं 1802 मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, आजचं वर्गीकरण त्यावरच उभं आहे. जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात दहा मुख्य प्रकार आहेत. तासगावच्या उन्हाळ्यात त्यातले पाच-सहाच रोजच्या कामाचे.

सगळ्यात वरचे सिरस. बर्फाच्या कणांचे, पांढरे, तंतू-तंतू ओढल्यासारखे, आठ-दहा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच. मार्चमध्ये खूप दिसतात. त्यांचाच पातळ पडदा पसरला की सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. खळं पडलं की पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. आपल्या उन्हाळ्यात ते फारसं खरं ठरत नाही, कारण वरची हवा ओली असली तरी खालची कोरडी असू शकते. सिरससाठी पडदे सोडू नका. फक्त एक लक्षात ठेवा: दुपारी एका दिशेनं दाट पांढरा सिरस झपाट्यानं पसरत येत असेल, तर तो बहुधा क्षितिजापलीकडच्या गडगडाटी ढगाचा पसरलेला माथा असतो.

खरं लक्ष द्यायचं ते मधल्या थराकडं, आणि तेही सकाळी. अल्टोक्युम्युलस म्हणजे खवल्या-खवल्यांचे किंवा गोळ्या-गोळ्यांचे ढग, साधारण तीन ते सहा किलोमीटरवरचे. ओळखायची रीत सोपी आहे. हात सरळ लांब करा आणि बोटं ढगाच्या एका तुकड्यावर धरा. तुकडा करंगळीच्या जाडीहून बारीक असेल तर तो वरच्या थरातला, करंगळी ते तीन बोटं यांच्यामध्ये असेल तर अल्टोक्युम्युलस, तीन बोटांहून रुंद असेल तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस. ही खूण डोक्यावरच्या ढगांना लावायची, क्षितिजाजवळच्या नाही.

नुसते सपाट खवले असतील तर त्या दिवसाची फार काळजी नको. पण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान या ढगांच्या ओळीवर छोटे-छोटे बुरूज उभे दिसले, म्हणजे तळ एका रेषेत आणि वर कंगोरे, तर त्याला कॅस्टेलॅनस म्हणतात. माझ्या अनुभवात उन्हाळी वळवाची याहून चांगली आगाऊ खूण नाही. कारण असं, की जमीन अजून तापलेलीसुद्धा नाही आणि तरी तीन-चार किलोमीटरवरची हवा आपणहून वर उसळते आहे. दुपारी खालची तापलेली हवा तिथपर्यंत पोचली तर तिला अडवणारं वर काही राहत नाही. हे बुरूज बरेचदा दहापर्यंत विरून जातात आणि आभाळ परत स्वच्छ होतं. आठ वाजता वर न बघितलेला माणूस मग म्हणतो, सकाळी तर ढगाचा ठिपका नव्हता. बुरूज दिसले त्या दिवशी पडद्यांच्या दोऱ्या, ताडपत्री आणि माणसं दुपारी दोनच्या आत शेडवर असू द्या.

मग येतो दुपारचा क्युम्युलस, पुंजमेघ, सपाट तळाचा आणि वर फुगीर. हा ढग म्हणजे दमटपणा मोजायचं आभाळातलं साधन आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊ लागतो ते) यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागं ढगाचा तळ सुमारे 125 मीटर वर जातो. दुपारी 38 अंश आणि दवबिंदू 10 अंश असेल तर फरक 28, तळ जमिनीपासून साडेतीन किलोमीटरवर. दवबिंदू 20 अंशांवर गेला तर फरक 18, तळ सव्वादोन किलोमीटरवर. आकडे हातात नसले तरी डोळ्याला हे कळतं. तळ उंच असेल त्या दिवशी ढग लहान, विरळ दिसतात आणि दुपारी एक-दीडशिवाय धरत नाहीत. तळ खाली आला की अकरालाच ढग धरू लागतात, मोठे दिसतात आणि त्यांचे तळ गडद असतात.

ढगाची रुंदी आणि उंची यांची तुलना करा. रुंदीपेक्षा उंची कमी असेल तर तो उन्हाळ्यातला निरुपद्रवी ढग, सावली देऊन जातो. उंची रुंदीच्या पुढं गेली की डोळा त्याच्यावरच ठेवा. वाढत्या ढगाच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत असतात. एखाद्या खांबाला खूण धरून दहा मिनिटांनी परत बघितलं तर माथा सरळ वर सरकलेला दिसतो. कधीकधी त्या माथ्यावर क्षणभर एक गुळगुळीत पातळ टोपी दिसते. ढग इतक्या वेगानं वर येतोय की त्याच्या वरचा दमट थरही उचलला जातोय, असा तिचा अर्थ. तीनच्या आत टोपी दिसली तर थांबू नका, पडदे सोडायला घ्या.

एप्रिलमध्ये आपल्याकडे शून्याचा थर, म्हणजे जिथं हवा शून्य अंशाला येते ती उंची, समुद्रसपाटीपासून पाच किलोमीटरच्या आसपास असतो. ढगाचा माथा त्याच्या बराच वर गेला की वरचं पाणी गोठतं. ठसठशीत कडा मऊ, पिंजलेल्या दिसू लागतात आणि माथा ऐरणीसारखा पसरतो. हा क्युम्युलोनिम्बस, गर्जमेघ. माथा बारा किलोमीटर सहज ओलांडतो, पंधरा-सोळाही गाठतो. कडा मऊ पडताना दिसणं ही वीज आणि गारांची वेळ जवळ आल्याची खूण आहे. बरेच जण आभाळ काळं होण्याची वाट बघतात. काळं होतं ते ढग डोक्यावर आल्यावर, आणि तोवर पडदे सोडायला वेळ उरलेला नसतो. ढग लांब असताना तो ऊन पडून पांढराशुभ्रच दिसतो, म्हणून रंग बघू नका, कडा बघा.

असा एकटा ढग जन्मापासून विरेपर्यंत तास-दीड तासापेक्षा जास्त टिकत नाही. पण तो मरताना थंड हवा खाली सोडतो, ती जमिनीवरून पुढं धावते आणि बाजूची गरम हवा उचलून नवा ढग उभा करते. म्हणून कवठेमहांकाळवर विरलेला ढग आणि तासाभरानं तासगावावर उभा राहिलेला ढग हे अनेकदा एकाच घराण्यातले असतात. बाजूच्या तालुक्यात पाऊस होऊन गेला आता आपली सुटका, असं धरून चालू नका.

वाऱ्याबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. ढग पूर्वेला उभा असतो, जमिनीवरचा वारा पश्चिमेकडून त्याच्याकडं वाहत असतो आणि लोक म्हणतात, वारा त्याला लांब नेतोय. नेत नाही. वाढता ढग खालची हवा आपल्याकडं ओढून घेतो. ढग सरकतो तो मधल्या थरातल्या वाऱ्याबरोबर. तो वारा बघायचा तर सकाळचे अल्टोक्युम्युलस कुठल्या दिशेला सरकत होते ते आठवा. मार्चमध्ये ते बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडं जातात, मे महिन्यात अनेकदा वारा मंद असतो किंवा उलटा होतो. म्हणजे मार्चला पश्चिम आणि वायव्येचं क्षितिज सांभाळायचं, मेमध्ये चारी बाजू, त्यातही पूर्व आणि आग्नेय. आणि ओढलेला वारा अचानक थांबून समोरून गार झोत आला, मातीचा वास आला, की पाऊस पाच-दहा मिनिटांवर आहे असं समजा.

हंगामाच्या सुरुवातीचा वळीव पावसापेक्षा वाऱ्यानं जास्त नुकसान का करतो, याचं उत्तर त्याच उंच तळात आहे. तळ तीन किलोमीटरवर आणि खाली कोरडी हवा असेल तर पाऊस वाटेतच उडून जातो. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, जमिनीला मात्र टेकत नाहीत. पाणी उडताना हवा थंड होते, जड होते आणि दणकन खाली आदळते. शेडनेट फाटतात, पत्रे उडतात ते यानं. झालर दिसली तर पडदे नुसते सोडून भागत नाही, खाली घट्ट बांधा. मोकळा पडदा वाऱ्यानं फुगला की रॅकच ओढून नेतो.

गारांचं भय फेब्रुवारी-मार्चला जास्त. उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकणाऱ्या पश्चिमी झंझावाताबरोबर वरच्या थरात थंड हवा उतरते, शून्याचा थर खाली येतो आणि गार जमिनीपर्यंत न वितळता पोचते. 2014 च्या फेब्रुवारी अखेर ते मार्च मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्राला गारपिटीनं कसं झोडपलं, ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. मेमध्ये ढग उंच वाढतात, पण गार बरीचशी वाटेत वितळते, पाणी मात्र दणकून पडतं.

रडारबद्दल विचारलं जातं म्हणून दोन शब्द. मोबाइलवर रडारचं चित्र जरूर बघा, पण पणजीच्या रडारपासून तासगाव दीडशे किलोमीटरहून लांब आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळं तिथून निघालेला किरण आपल्यापर्यंत पोचताना जमिनीपासून तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो. त्याखालचं त्याला दिसत नाही, नुकताच धरलेला ढगही सुटतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते शेडवरच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हवं. आसपास वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. ॲप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळी माणसं पक्क्या घरात किंवा बंद गाडीत गेली पाहिजेत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबली पाहिजेत. लोखंडी अँगलची शेड आणि तारांचा द्राक्षमांडव या दोन्ही जागा त्या वेळी धोक्याच्या. हे मी आग्रहानं सांगतो, कारण उरलेला एक पडदा सोडायला म्हणून माणूस परत उघड्यावर जातो. माल भिजला तर भिजू द्या.

एप्रिलमध्ये खरड छाटणी (द्राक्षं काढल्यानंतरची छाटणी) केलेल्या बागांसाठी ढगांचा आणखी एक अर्थ आहे. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी काडीत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि त्याला भरपूर उजेड लागतो. या काळात अधूनमधून येणारा दुपारचा क्युम्युलस फारसा बाधत नाही, पण मधल्या थराचं करडं आवरण, अल्टोस्ट्रॅटस, दिवसच्या दिवस राहिलं तर घडांवर परिणाम होतो. सूर्य दुधी काचेतून बघावा तसा पुसट दिसतो आणि सावल्या पडत नाहीत, यावरून तो ओळखा. अशा वर्षी विरळणी वेळेवर करून पानांआड काडीपर्यंत उजेड पोचवणं एवढंच आपल्या हातात आहे.

मेचा शेवटचा पंधरवडा वेगळा. पहाटे पश्चिमेकडून खालचे स्ट्रॅटोक्युम्युलस वेगानं धावत येऊ लागतात, नऊ-दहापर्यंत ऊन झाकतात आणि मग फाटतात. वारा दिवसभर नैर्ऋत्य-पश्चिमेचा राहू लागतो. याचा अर्थ अरबी समुद्राकडचा दमट थर जाड होऊन घाट ओलांडतो आहे. हे सलग काही दिवस दिसलं की दुपारचे गडगडाट कमी होत जातात आणि मोसमी पाऊस जवळ आलेला असतो. मोसमी पावसाची सरासरी तारीख केरळात 1 जून, पुण्याकडे 10 जूनच्या सुमारास. पण सरासरीवर शेड चालवू नका: 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात पोचला, आणि त्याआधी मेभर पूर्वमोसमी पावसानं राज्याला भिजवलं होतं. उशिराच्या छाटणीचा माल असेल तर शेवटची खेप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रॅकवर चढेल अशी आखणी करा, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात माल शीतगृहात असेल. त्यानंतर द्राक्षं शिल्लक राहिलीच, तर भाव पडता असला तरी ती ताजी विका, रॅकवर टाकू नका.